डाव्या हाताची परीक्षा

विमलताई, तुझ्या फोटोला हार घालून पाच मिनिटं झाली नसतील, तर तुझ्याच नावानं भांडण जुंपलं. सुरुवात मीच केली. खोटं कशाला बोलू?

तू गेल्यावर चौथ्या दिवशी विहारात बैठक होती. कारखान्यांच्या बीरगांवातल्या ज्या हॉलमध्ये आपण दोघींनी अकरा वर्षं दर रविवारी पोरांचा हस्तकलेचा वर्ग घेतला, तिथंच सतरंजीवर सगळे बसले होते. समितीचे सचिव गजभिये भैया उठले, तुझ्याबद्दल दोन शब्द बोलले, डोळे पुसले आणि पिशवीतून प्लास्टिकचं एक पाकीट काढलं. आत फोमचं कमळ. पाकळ्या आधीच कापलेल्या, मागं चिकटपट्टी लावलेली, मधोमध गोल जागा सोडलेली. तिथं तुझा फोटो चिकटवायचा.

"रविवारच्या पुण्यानुमोदनाले पोट्ट्यायकडून हे बनवून घेऊ," भैया म्हणाले. "साठ कमळं, सगळी सारखी. स्टेजवर लायनीनं लावू. पाहुणे येऊन राहिले, फोटो मस्त येते."

मला आधी हसू फुटलं. विमलताईच्या कार्यक्रमाला साठ सारख्या वस्तू! मग मात्र मस्तक फिरलं.

"हे होणार नाही," मी म्हटलं.

"काहून?"

"पाकिटावरच लिहिलंय, तीन मिनिटांत तयार. मग उरलेला दीड तास पोरांनी काय करायचं? पाहुण्यांकडं पाहायचं?"

भैया वाईट माणूस नाही, तुला ठाऊक आहे. ते समजुतीनं म्हणाले, "वर्षाताई, तुमी एकट्या किती कराल आता? पुढच्या महिन्यापासून वर्ग घ्यायले एक एक्टिव्हिटीवाल्या मॅडम तयार आहेत. सामान त्याच आणतात. सगळं असं पाकिटात. ना कैची, ना कचरा."

म्हणजे कमळ हे नुसतं कमळ नव्हतं. ते स्टेजवर लागलं की तुझा वर्ग त्याच पाकिटात जाणार होता. मी मांडी घट्ट घालून बसले.

(लिहिताना माझी मराठी जरा इस्तरी केलेली आहे, सांभाळून घे. शहरातल्या चौबे कॉलोनीची बाई, म्हणशील. म्हण.)

तुला आठवते ना आपली पहिली भेट? मी शाळेत क्राफ्ट शिकवत होते, प्रदर्शनात माझ्या वर्गाचं टेबल नेहमी पहिलं यायचं. मोठ्या तोऱ्यात मी तुझ्याकडं फाईल घेऊन आले. पन्नास प्रोजेक्ट, पन्नास रंगीत फोटो. तू स्वयंपाकघरात होतीस. फाईल चाळलीस, एका फुलपाखरावर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "हे करून दाखव. डाव्या हातानं."

"डाव्या?"

"सात वरसाच्या पोट्ट्याचा उजवा हात म्हणजे तुहा डावा हात. आन ही घे कैची."

कैची कसली, ती नारळ सोलायच्या कामाची होती. तू कुकर चढवलास आणि सांगितलंस, तीन शिट्ट्या होईपर्यंत काय होते ते पाहू. तिसऱ्या शिट्टीला माझ्या फुलपाखराला दीड पंख होता. तू फाईल मिटून माझ्या हातात दिलीस आणि भात खाऊन जा म्हणालीस. मी रागानं लाल झाले होते आणि तरी दोनदा भात घेतला. तेव्हापासून त्या पन्नासांतले सहा पास झाले अकरा वर्षांत. सहा!

तुझ्या बाकीच्या अटीही अशाच. ज्याच्या घरी ते नसेल त्याला मान खाली घालावी लागेल असं सामान मागवायचं नाही. म्हणून आपलं भांडवल म्हणजे लग्नपत्रिका, खराट्याच्या काड्या, साबणाच्या पुडीचे रिकामे कागद. बसल्या बैठकीत पुरं व्हायला पाहिजे, कारण पुढच्या रविवारी पोरगं येईलच याचा भरवसा नाही, बापाची कारखान्यातली पाळी बदलली की भाड्याची खोली बदलते. केलेली वस्तू ज्याची त्यानं त्याच दिवशी घरी न्यायची, आणि घरी ती कामाला यायला पाहिजे. आणि शेवटची अट, तू दर रविवारी माझ्याकडंच पाहून सांगायचीस, "लेकरायच्या कामाले आपला हात लावायचा नाई."

पांढरा कागद नको, ही अट मात्र माझ्यामुळं आली, तिचं श्रेय मी सोडणार नाही. बुद्धपौर्णिमेच्या सजावटीला, तुझी खास सूट घेऊन, मी पोरांसाठी पांढरी कबुतरं ठरवली होती. डावा हात पास, कैची पास, शिट्ट्या पास. खळ ओली होती म्हणून मी चाळीस कबुतरं विहाराच्या गच्चीवर दोरीला टांगली. आणि सकाळी पाहते तर काय! रातोरात कारखान्यांची काजळी बसून सगळी काळी कुळकुळीत. मी चौबे कॉलोनीत राहणारी, मला कुठं माहीत होतं की इथं पांढरा परकर दोरीवर ठेवून कोणी झोपत नाही. मी रडकुंडीला आले होते, आणि एक पोरगी टाळ्या पिटत ओरडली, "दीदी, ये तो कौआ बन गया!" तू पायरीवर बसून पोट धरून हसलीस. "माय वं! बरं झालं ना. कावळे तरी रोज दिसतात इथं, कबुतर कोणी पाह्यलं?" पौर्णिमेला बीरगांवच्या विहारात चाळीस कावळे लटकले होते, आणि प्रत्येक पोराला आपला कावळा ओळखू येत होता.

ओळखू येत होता. इथंच येऊन माझी लेखणी अडते, ताई.

बैठकीत गजभिये भैया म्हणाले, "ताई देवमाणूस होत्या, पण तापट लय. काही कारण नसताना तुमालेही महिनाभर येऊ दिलं नव्हतं. मंग तुमी काहून त्यायच्याच नियमायले धरून बसल्या?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. नऊ वर्षं बीरगांवात हेच चालत आलंय, की विमलताईनं उगाच रागाच्या भरात बिचाऱ्या वर्षाताईला हाकललं. तू कधी कोणाला कारण सांगितलं नाहीस. मीही नाही. तू गप्प राहिलीस ती माझ्यासाठी, आणि मी गप्प राहिले तीही माझ्याचसाठी.

मी उभी राहिले. आवाज मोठा निघाला.

"कारण होतं," मी म्हटलं. "मी चोरी केली होती."

मग सांगितलं सगळं. त्या वर्षी मीच हट्ट करून प्रदर्शन ठरवलं होतं, वस्तू एक आठवडा हॉलमध्ये ठेवायच्या म्हणून तू कुरकुरत कबूल झालीस. पोरांनी साबणाच्या पुडीच्या कागदाचे हत्ती केले होते. एकाची सोंड पाठीवर, एकाला पाच पाय. शनिवारी दुपारी मी एकटी हॉलवर आले आणि शाळेत करते तसंच केलं. शाळेत प्रदर्शनाच्या आधी आम्ही सगळ्याच बाया करतो. इथं थोडं कातरायचं, तिथं चिकटवायचं, सोंड जागेवर, कान सारखे. मला वाटलं मी उपकार करते आहे. रविवारी आया आल्या, वा वा झाली. आणि आठ वर्षांची एक मुलगी टेबलाभोवती फिरत राहिली. एकदा, दोनदा, तीनदा. मग माझा पदर ओढून म्हणाली, "दीदी, मेरा वाला कहाँ गया?"

तिच्या हत्तीवर तिचं नाव होतं. मी दाखवलं. ती म्हणाली, "ये मेरा नहीं है," आणि निघून गेली.

तू दारातून हे पाहिलंस. सगळे गेल्यावर म्हणालीस, "महिनाभर येऊ नको, वर्षा. आता मले तुह्या हाताकडं पाहवत नाई."

बैठकीत एवढं सांगून मी खाली बसले. मग मागच्या रांगेतून फुलेश्वरी उठली. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासते ती, तुझ्या गल्लीतली. डोक्यावरचा पदर सारखा करत आपल्या बोलीत म्हणाली, "हव. ओ टूरी मोर आय."

ती मुलगी तिची. देवकी. मला नावच तेवढं आठवत होतं, घर नाही.

"ओ दिन ले कइंची ल हाथ नइ लगाय हे," फुलेश्वरी म्हणाली. त्या दिवसापासून पोरीनं कैचीला हात लावलेला नाही. शाळेत कागदकाम आलं की पोट दुखते म्हणून घरी बसायची. आणि मग ती तुझ्या फोटोकडं पाहून बोलली, "ताई ह चार इतवार ले मोर घर आइस. टूरी के संग चुपेचाप बइठे रहय, कागज धरके."

चार रविवार, ताई! वर्ग संपवून तू तिच्या घरी जायचीस, कागद घेऊन तिच्याजवळ गप्प बसायचीस, आणि ती कागदाला शिवायची नाही. मी इकडं चौबे कॉलोनीत फुगून बसले होते, विमलताईनं माझा अपमान केला म्हणून. तू तिकडं माझं निस्तरत होतीस. आणि पाचव्या रविवारी मला निरोप पाठवलास, "पत्रिका लय जमा झाल्या, ये." मी आले. त्या दिवसापासून मी तुला अहोजाहो सोडून तू म्हणायला लागले, आणि मला वाटलं मिटलं.

काहून सांगितलं नाहीस मला? मेलीस म्हणून मी तुझ्यावर रागावणार नाही असं समजू नको. मी स्वतः गेले असते. आठ वर्षांच्या पोरीपुढं कान धरले असते, काय बिघडलं असतं? तू सगळं आपल्याच खांद्यावर घ्यायचीस, हा तुझा मोठेपणा नाही, हा तुझा माज होता. दुसऱ्याच्या कामाला हात लावू नये म्हणायचीस ना? माफी मागणं माझं काम होतं. त्याला तू हात लावलास.

हे तुला तोंडावर सांगायला पाहिजे होतं. तू थांबली नाहीस.

आणि आपलं दुसरं भांडण तर अर्धंच राहिलं. नमुना दाखवायचा की नाही? तू म्हणायचीस, नमुना पाहिला की पोट्टे नमुनाच करतात, आपलं नाही करत. मी म्हणायची, काही पोरं कोऱ्या कागदापुढं घाबरून बसतात, त्यांना एक बोट तरी धरायला द्या. तू म्हणायचीस, "बसू दे. बसून बसून उठते." मला आजही वाटते की तू चुकत होतीस. तू गेलीस म्हणून मी हार मानणार नाही.

लकव्यानं तुझी उजवी बाजू गेली तेव्हा मी धावत आले. पलंगावर तू डावा हात वर करून हलवलास आणि वाकड्या तोंडानं म्हणालीस, "पाह्य वर्षा, आता माहीच परीक्षा." मला रडू आवरेना, तर डोळे वटारलेस. मग खुणेनं पत्रिका मागितल्यास. पंखा करायचा होता तुला. उन्हाळा लागला होता, लाईट सारखी जात होती, आणि हा प्रोजेक्ट तुला येत्या सुट्टीत घ्यायचा होता. दोन पत्रिका पाठीला पाठ, मध्ये खराट्याची काडी, कडेनं स्टेपलर. एवढंसं काम. उजव्या हातानं तू बोलता बोलता दहा केले असतेस. तुला त्याला दोन दुपार लागल्या. पत्रिका तू गुडघ्यानं दाबून धरायचीस. काडी तिरकी गेली, एका पिनेचं टोक वर राहिलं. माझी बोटं अशी शिवशिवत होती म्हणून सांगू! आणि तू पंख्याकडं नाही, माझ्या हातांकडं पाहत होतीस. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि त्यांच्यावर बसले. तू हसलीस.

मग तुला झोप लागली. पंखा उशाशी होता. मी उचलला. त्या पिनेला अंगठ्यानं एक दाब दिला असता तर ती बसली असती, कोणाला कळलंही नसतं. मी नाही दिला. तीच माझी माफी होती, ताई. तू झोपेत होतीस, म्हणून आज लिहून कळवते.

बैठकीतलं राहिलं सांगायचं. फुलेश्वरी बसल्यावर गजभिये भैयांनी ते कमळ मुकाट्यानं पिशवीत टाकलं. "मंग काय करायचं म्हणता रविवारी?"

"पंखे," मी म्हटलं. "आणि वर्ग मी घेणार. मॅडमना सांगा, यायचं असेल तर डाव्या हातानं एक कमळ कापून घेऊन या, मग बोलू."

भैयांना एक शेवटची कल्पना सुचलीच. तुझा तो शेवटचा पंखा काचेच्या फ्रेममध्ये लावू, स्टेजवर ठेवू. मी तुझ्या घरी विचारायला गेले, तर तुझी सून त्याच पंख्यानं तुझ्या नातवाला वारा घालत होती. मी भैयांना फोन केला, "पंखा कामावर आहे, मिळणार नाही."

आज रविवार. आत्ताच कार्यक्रमातून आले, चप्पलही नीट काढली नाही, आणि तुला लिहायला बसले.

पोरांनी पिशव्या भरभरून पत्रिका आणल्या. कोणाच्या गणपतीवाल्या, कोणाच्या उडिया अक्षरातल्या, कोणाच्या सोनेरी. मी काल कुकर लावून डाव्या हातानं एक पंखा करून पाहिला, तिसऱ्या शिट्टीच्या आत झाला. आणि ऐक, तो मी पोरांना दाखवला! दहा आकडे मोजेपर्यंत हात वर धरला, मग झोळीत टाकला. नमुना पाहिलाही आणि गेलाही. रागावायचं तर रागाव. साठांतला एकही पंखा माझ्यासारखा झाला नाही आणि एकही पोरगं कोरं बसून राहिलं नाही, आता बोल.

पाहुण्यांना फोटोला काही सारखं मिळालं नाही. एका मुलीनं पंख्याला दोन काड्या लावल्या, एकानं पत्रिकेतल्या नवरदेवाला मिशा काढल्या. गजभिये भैयांनी एका पोराला पंखा मागितला तर तो म्हणाला, "खुद बनाइए ना, अंकल." आणि भैया खरंच सतरंजीवर बसले.

देवकीही आली होती. सतरा वर्षांची झाली, तुझ्याएवढी उंच. दारातच उभी. "मैं बस मम्मी को छोड़ने आई हूँ," म्हणाली. मी तिच्याकडं गेले. नऊ वर्षांपासून जे तोंडात होतं ते बाहेर पडेना, मग हिंदीत कसंबसं पडलं, "देवकी, तेरा हाथी मैंने बिगाड़ दिया था. माफ कर दे."

ती म्हणाली, "बिगाड़ा कहाँ था दीदी? सुंदर कर दिया था. तभी तो समझ में आया, मेरा वाला कितना खराब था."

ताई, तू चार रविवार तिच्याजवळ बसलीस तेव्हा हे ऐकलं होतंस का? ऐकलं असशील. म्हणूनच माझ्याजवळ बोलली नसशील.

मी तिला सांगितलं, खराब नव्हता. सोंड पाठीवर होती, हत्ती पाठ खाजवत होता, मला ते दिसलं नाही. ती हसली नाही. पण चप्पल काढून आत आली, आईच्या बाजूला बसली. मी दोन पत्रिका, एक काडी, स्टेपलर आणि तुझी ती बोथट कैची तिच्यापुढं ठेवली आणि समोर बसले. कितीतरी वेळ ती नुसती बसून होती. बसू दे, मी मनात म्हटलं. बसून बसून उठते. तुझंच वाक्य, काय करू?

मग तिनं कैची उचलली. कड कापली ती नागमोडी, काडी पार तिरकी बसली, एक पिन हवेतच राहिली. तिनं मान वर करून पाहिलं. पंख्याकडं नाही, माझ्या हातांकडं.

माझे हात माझ्या मांड्यांखाली होते, ताई. मी उठले नाही, ती पंखा घेऊन घरी जाईपर्यंत.